न गळणारी फळं

१२ मार्च

पोचले एकदाची. स्टेशनवर बागेचे मालक श्यामराव स्वतः घ्यायला आले होते. हातात पुठ्ठा, त्यावर माझं नाव ‘शर्मीष्टा’ असं लिहिलेलं. मी हसले, तर तेही हसले. म्हणाले, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं काढली, तिथं पेटीवरचं नाव वाचता आलं की पुरे असतं.

गाडी शहराबाहेर पडली आणि नव्या रायपूरचे रुंद रस्ते लागले. या कडेच्या माणसाला त्या कडेच्या माणसाशी बोलायचं तर फोन करावा लागेल, हा श्यामरावांचा विनोद. अर्ध्या तासात एक बस दिसली, तीही रिकामी. त्यापुढे धानाची शेतं आणि मग एकदम, तारेच्या कुंपणाआड, पीचची बाग. सहाशे झाडं. रायपुरात पीच! कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती. ही कमी थंडीत येणारी जात. फुलं जानेवारीत येतात, फळ एप्रिलच्या शेवटी उतरतं.

श्यामरावांनी वाटेत बागेची कथा सांगितली. पार्सलमध्ये उत्तरेकडून पीचच्या, म्हणजे आडूच्या, पेट्या यायच्या, उघडेपर्यंत अर्ध्या तपकिरी झालेल्या. त्यातलं एखादं धड फळ कोणी हातावर ठेवलं की ते खिशात घालून बायकोसाठी घरी न्यायचे. मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर तिच्यासाठीच बाग लावली. ‘आडू होत नाही इथं, म्हणत लोकं. मी म्हटलं, होऊन राहिलं ना भाऊ!’

मला बागेतच क्वार्टर दिलं आहे. एक खोली, ओटा, गजांची खिडकी, नवा कूलर. श्यामरावांच्या बायकोनं, वनमालाकाकूंनी, रात्री पाटवडीचा रस्सा पाठवला, वर्ध्याच्या घरासारखाच तिखट. चार वर्षं तासिकेवर शिकवून झाल्यावर ही पहिली खरी नोकरी: बागेची रोगतज्ज्ञ. आईला फोन केला. तिनं एकच विचारलं, तिथं साप आहेत का.

१५ मार्च

काम समजलं. गेल्या वर्षी बागेत तपकिरी कूज आली होती. निम्मं पीक गेलं. आताची फळं लिंबाएवढी, हिरवी, लवेची आहेत, पण त्यांच्यामध्ये गेल्या वर्षीची रोगट फळं अजून लटकत आहेत. काळी, आक्रसलेली, सुरकुतलेली. आमच्या भाषेत ममी. या रोगाची हीच खोड. दुसऱ्या रोगानं सडलेलं फळ गळून पडतं. हे गळत नाही. देठाला धरून वर्षभर तसंच राहतं आणि पावसाचा ओलावा मिळाला की त्याच्या अंगावर राखेसारखी बुरशी उगवते, शेजारच्या फळावर जाते.

सात बाया कामाला आहेत. त्यांची मुकादम अंजनाबाई, जवळच्याच पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, पन्नाशीची. तिला सांगितलं की आधी सगळ्या ममी काढायच्या, मग विरळणी. दोन फळांत एक मूठ अंतर हवं. फळाला फळ टेकलं की रोग पसरतो. ‘हव दीदी,’ म्हणाली. पण ममी काढताना तिनं हाताला दोन प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि नाकावर पदर. मी म्हटलं, हा रोग माणसाला होत नाही. तिनं पिशव्या काही सोडल्या नाहीत.

माझ्याआधी अश्विन नावाचा मुलगा होता, पुसदचा. त्याच्या वह्या सुंदर आहेत. शेवटची नोंद नऊ जूनची. श्यामराव म्हणाले, त्याला सरकारी नोकरी लागली.

२३ मार्च

चार पोती ममी निघाल्या. चुना टाकून खोल पुरल्या. श्यामराव खड्ड्याशी उभे होते. पुरल्यावर पुन्हा उगवत नाहीत ना, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, हातभर खोल पुरल्या तर नाही. वरवर पुरल्या तर त्यातून छोट्या पेल्यांसारख्या छत्र्या येतात. जाळणं सगळ्यात चांगलं. त्यावर ते तडक निघून गेले.

छाटणीच्या कात्रीनं, सिकेटरनं, डाव्या तळव्याला कापलं. फार नाही. काकूंनी हळद लावली.

एक लहानशी गोष्ट. पॅकिंग शेडच्या मागे कोल्ड रूम आहे. फळ उतरायला महिना आहे, तरी तिचं मशीन रात्रंदिवस घरघरतं. विचारलं तर श्यामराव म्हणाले, बंद ठेवली की बिघडते. असेल. पण काकू दर दुपारी डबा घेऊन तिकडे जातात आणि अर्ध्या तासानं रिकाम्या हातानं येतात.

४ एप्रिल

काल अवकाळी पाऊस. आज तिसऱ्या ओळीत दोन फळांवर अंगठा टेकवल्यासारखे तपकिरी डाग. तोडून जाळली. सत्तर फळं तपासणीला घेतली. हा रोग हिरव्या फळात गुपचूप शिरून बसतो, बाहेरून काही दिसत नाही आणि फळ पिकायला लागलं की दोन दिवसांत सगळं खातो. आत आहे का ते बघायचं तर फळ रात्रभर गोठवून मग ओल्या डब्यात ठेवतात. फळ मेलं की लपलेला बाहेर येतो.

त्यासाठी कोल्ड रूमची किल्ली मागितली. श्यामराव पहिल्यांदाच चिडून बोलले. लगेच शरमले आणि घरातल्या फ्रीजचा वरचा कप्पा रिकामा करून दिला. काकू मागे उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. कशाचं, मला कळलं नाही.

९ एप्रिल

सत्तरपैकी सत्तर.

सगळ्या फळांवर राख उगवली. मी हे असं कधी वाचलेलंसुद्धा नाही. शिवाय बाहेर एक्केचाळीस तापमान आहे, एवढ्या उन्हात ही बुरशी निपचित पडायला हवी. अकोल्याला मला शिकवणाऱ्या शिशिर सरांना फोटो पाठवले. त्यांनी लिहिलं, तुझे डबे स्वच्छ नसतील, पुन्हा कर.

दुपारी अंजनाबाईशेजारी बसले होते. ती आपण होऊनच म्हणाली, की अश्विनभैया गेला असं सगळे म्हणतात, पण जाताना त्याला कोणी बघितलं नाही. तिची झोपडी फाटकाला लागून आहे. ‘पेटी गेली नाही, चप्पल गेली नाही. मंग माणूस कसा गेला, दीदी?’

११ एप्रिल

सगळं क्रमानं लिहिते.

दुपारी एक वाजता काकू अंगणात ऊन लागून पडल्या. श्यामराव शहरात गेलेले. मी त्यांना सावलीत आणलं, पाणी मारलं. शुद्धीवर येताच त्यांनी डबा चाचपला आणि म्हणाल्या, ‘त्याचं जेवण राह्यलं.’ आणि मग तोंडावर हात ठेवला.

डबा आणि त्यांच्या कमरेची किल्ली घेऊन मी गेले. त्यांनी अडवलं नाही.

जाड दार, त्याच्या आत प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. एक बल्ब. भिंतीला रिकामे क्रेट. मध्ये खुर्ची, खुर्चीवर दोन रजया आणि कानटोपी. मला वाटलं, बुजगावणं ठेवलंय. मग ते हळू म्हणालं, काकू, आज उशीर झाला.

चेहरा खारकेसारखा. तपकिरी काळा, हाडाला चिकटलेला, सुरकुत्याच सुरकुत्या. डोळे मात्र स्वच्छ, पहिल्या बाकावरच्या पोराचे. मी किंचाळले नाही.  त्यानं सांगितलं, चार हात लांब थांबा, डबा सरकवा. मग त्यानं विचारलं की फळ केवढं झालं. मी सांगितलं. विरळणी झाली का? झाली. मूठभर अंतर ठेवलं ना? ठेवलं. आम्ही पाच मिनिटं विरळणीवर बोललो. याचीच मला आता सगळ्यात जास्त भीती वाटते आहे, की मी नीट उत्तरं देत होते.

त्यानं रजई बाजूला करून हात दाखवला. गेल्या जूनमध्ये फांदी छाटताना बोट कापलं होतं. जखम भरून आली. मग तिथं कातडी मऊ पडली, अंगठ्याएवढी. पहिल्या दिवसापासून त्यानं डागाच्या कडेला बॉलपेननं रेघ मारून तारीख लिहिली आहे. बोटापासून कोपरापर्यंतच्या रेघा लांब लांब, तो सगळा एका आठवड्याचा प्रवास. कोपराच्या वर रेघा एकमेकींना चिकटलेल्या. तिथून थंडी सुरू झाली. थंडीत हे मरत नाही, मंदावतं. तोही मंदावला. वीस-वीस तास झोपतो, दोन घास खातो.

‘दुखत नाही, मॅडम. हे आधी लिहा. अजिबात दुखत नाही.’

निघताना त्यानं एकच मागितलं. दर रविवारी तो श्यामरावांच्या फोनवरून आईशी बोलतो, बस्तरात नोकरीला आहे म्हणतो. तिला कळू द्यायचं नाही. ‘ती आली तर मला जवळ घेईल.’

१२ एप्रिल

श्यामराव लहान मुलासारखे रडले. सुरुवातीला त्याला डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टरनं मलम दिलं. डाग खांद्याकडे निघाला तेव्हा भरती करायचं ठरलं, तर अश्विननंच पाय धरले. वॉर्डात पन्नास माणसं असतात, मला तिथं टाकू नका. पार्सल ऑफिसात श्यामराव एक गोष्ट शिकले होते, माल थंड ठेवला की टिकतो. एक दिवस ठेवू म्हणून ठेवलं. मग आठवडा झाला, मग वर्ष होत आलं. ‘जित्या माणसाचं काय करू, पोरी? तूच सांग मले.’

 मी काल रात्रीच बॅग भरली होती. पण स्टेशनवर, डब्यात, माणसांना माणसं टेकून बसलेली असतात. आरशात सगळं अंग तपासलं. काही नाही. तरी बॅग पुन्हा रिकामी केली.

शिशिर सरांना सगळं लिहिलं. अश्विनच्या हाताचा फोटो पाठवला. उत्तर नाही.

१४ एप्रिल

जयंती. शहरात मिरवणूक असेल, आजवर मी कधी चुकवली नाही. या वर्षी गर्दीत जायची हिंमत झाली नाही. आईचा फोन आला, मागे बुद्धवंदना चालू होती, बाया खिरीच्या पातेल्याभोवती हसत होत्या. ती म्हणाली, तुझ्या वाटणीची खीर शेजारच्या पोट्ट्यानं खाल्ली. मला एकदम अश्विनच्या आईची आठवण झाली. तिचं नावसुद्धा मला माहीत नाही. तिचं पोर रिकाम्या क्रेटांमध्ये बसलं आहे आणि ती बस्तरचं हवामान विचारते आहे.

१७ एप्रिल

मी फोन केला. नंबर त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर होता. रमाबाई, वसतिगृहात स्वयंपाक करतात. अश्विन आजारी आहे एवढंच मी म्हणाले. त्यांनी फक्त गाडीची वेळ विचारली.

मी मनाशी ठरवलं आहे की पडद्याबाहेरून बघू देईन. जवळ जाऊ देणार नाही.

१९ एप्रिल

रमाबाई आल्या. लहानखुऱ्या, हातात पिशवी, पिशवीत तिळाच्या वड्या. फाटकाजवळच्या बाकावर बसवून मी त्यांना सगळं समजावलं. शिवायचं नाही, चार हात लांब, पडद्याच्या बाहेर. त्या मान हलवत होत्या. श्यामराव खाली बघत उभे होते. रमाबाईंनी त्यांना एक शब्द बोल लावला नाही. उलट म्हणाल्या, ‘तुम्ही माया पोट्ट्याले सांभाळलं, दादा.’

आत गेलो. त्यांनी पडद्यातून पाहिलं. मी त्यांचा दंड धरला होता. त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली, जशी आपण लुगड्याला लागलेली कुसळं काढतो. मग पडदा बाजूला केला, त्याला खुर्चीवरून खाली घेऊन शेजारी बसल्या, कानटोपी काढली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

तो आई, नको म्हणाला. तीनदा म्हणाला. चौथ्यांदा नाही म्हणाला.

मी बाहेर येऊन उन्हात बसले. हे मी केलं.

२४ एप्रिल

रमाबाई बाहेर येत नाहीत. रजई घेऊन तिथंच राहिल्या. आज पडद्याबाहेरून दिसलं, मनगटावर डाग. त्यांनी स्वतःच दाखवला, मेंदी दाखवावी तसा. म्हणाल्या, दुखत नाही वं बाई.

काकूंच्या कानामागेही आहे. कधीपासून, ते त्या सांगत नाहीत. दहा महिने त्या त्याला घास भरवत होत्या, डोकं चेपून देत होत्या. चार हातांचा नियम त्यांनी एक दिवससुद्धा पाळला नव्हता. श्यामरावांना कळलं तेव्हा ते हात पुढे करून काकूंकडे निघाले आणि मी मधे पडले. तेव्हापासून नवरा-बायको अंगणाच्या दोन टोकांना खाट टाकून बसतात आणि बोलतात. जुन्या गोष्टी. कुठल्या साली कुठल्या गाडीनं गेलो होतो.

रमाबाई आणि काकूंना घाबरायचं कसं ते कळत नाहीसं झालं आहे. ज्यांना डाग आहे ते शांत. मी आणि श्यामराव नाही.

शिशिर सरांचं उत्तर आलं. एक ओळ. कोणालाही शिवू नकोस, मी माणसं घेऊन येतो, परवानग्यांना दिवस लागतील.

२७ एप्रिल

चार वाजता वादळ. बोराएवढ्या गारा. खांब पडले. वीज गेली. वीज कंपनीला फोन केला तर म्हणाले, दोन दिवस धरा.

जनरेटर तासभर चालला आणि बंद पडला. श्यामराव त्याच्यावर लाथा घालत होते.

मशीनची घरघर थांबली. दीड महिन्यात पहिल्यांदा. इतकी शांतता आहे, की कान दुखतात.

२८ एप्रिल

सकाळी आठला दार उघडलं. आत बाहेरच्याइतकंच गरम. वास. सडका नाही, गोड. पिकलेल्या फळाचा आणि थोडा दारूचा.

माय-लेक तसेच बसलेले. त्याचं डोकं तिच्या मांडीवर, तिचा हात त्याच्या गालावर. हात कुठं संपतो आणि गाल कुठं सुरू होतो ते दिसत नव्हतं. गोळ्या गोळ्यांची करडी राख दोघांवर सारखी पसरलेली. वर्तुळं वर्तुळं. पेनच्या रेघा केव्हाच मागे पडल्या होत्या.

डोळे उघडे. रमाबाईंचे ओठ हलत होते. अंगाई असेल. अश्विननं माझ्याकडे बघितलं. एकच शब्द, दोनदा. जाळा.

दार उघडल्यानं वारा आत आला. राख उठली. धुरासारखी. मी नाक दाबून पळाले.

मागे वळून पाहिलं तर काकू आत जाऊन त्यांच्याजवळ बसल्या होत्या. श्यामराव दाराशी उभे. मी ओरडले, शिवू नका. त्यांनी शिवलं नाही. दिवसभर तिथंच उभे राहिले.

२९ एप्रिल

श्यामरावांनी बायांना सुटी दिली. मग मला म्हणाले, पैरा आण. धानाचा पेंढा, गुरांसाठी रचलेला. मी आणला. कोल्ड रूमच्या चारी बाजूंनी मी लावला, दारातून आतही ढकलला. अकरा फेऱ्या. हे लिहून ठेवते, मी लावला.

मी विचारलं, कोण पेटवणार. ते म्हणाले, तू नाही.

काडेपेटी आत नेली त्यांनी. जाताना चप्पल दाराबाहेर काढून ठेवली, घरात जाताना काढतात तशी. आतून काकूंचा आवाज आला, आलात का. दार लागलं.

साडेबारा वाजले होते. ऊन असं, की ज्वाळा दिसतच नव्हत्या, नुसती हवा थरथरत होती.

आतून कोणी हाक मारली का? नाही. मी ऐकली नाही असं लिहिते.

कोणी आलं नाही विचारायला. या दिवसांत सगळेच शेतात काही ना काही जाळतात.

३० एप्रिल

डाव्या तळव्यावर. जिथं कापलं होतं तिथं. कातडी मऊ. अंगठ्याएवढी.

दुखत नाही.

अंजनाबाई फाटकाशी आली होती. काय जळलं, मालक कुठं. मी लांबूनच ओरडून सांगितलं, घरी जा, गरम पाण्यानं अंघोळ कर, कोणी बागेत पाय टाकायचा नाही. ती रडत उभी राहिली. ‘दीदी, तू भी चल न.’ मी दगड उचलला. मारला नाही. पण उचलला. तेव्हा गेली.

सगळी बाग एका रात्रीत पिकली आहे. सहाशे झाडं. वास येतो.

एकही फळ खाली नाही.

१ मे, सकाळ

पेननं रेघ मारली. मनगटापर्यंत.

शिशिर सरांचा निरोप, परवा, तीन तारखेला पोचतो. तोवर दार लावून बस.

बसते. पाणी आहे. दोन दिवस तर काढायचे आहेत. दोनच.

१ मे, दुपार

आईचा फोन. चुकून उचलला. मी बरी आहे म्हटलं. कामात आहे, येऊ नकोस, मीच येईन.  ती म्हणाली, ‘काहून अशी बोलून राहिली तू?’

कशी बोलते आहे मी? शांत. शांत बोलत होते.

कापला फोन.

पुन्हा लावला, सांगायला, की खरंच येऊ नको. बंद येतो आहे. ती गाडीत बसली की फोन बंद ठेवते. बॅटरी—

नाही. नसेल.

२ मे

कोपरापर्यंत.

मघाशी रमाबाईंना पाहून वाटलेली किळस आठवायचा प्रयत्न केला. आठवत नाही. भीतीसुद्धा आता ओढून आणावी लागते. म्हणून लिहिते. लिहिलं की थोडी राहते. राहायला हवी. उद्या सर—

फाटक वाजलं.

सर नाहीत. सर उद्या.

आई. फाटकातून आत आली आहे. छत्री, पिशवी. शर्मू म्हणून हाका मारते आहे. पीचच्या झाडांखालून येते आहे, फांद्या डोक्याला लागतात तिच्या—

कडी लावली आहे. पलंग दाराला लावला. मी पलीकडच्या भिंतीला, जमिनीवर. ओरडून सांगितलं, जा. रोग आहे. शिवायचं नाही. सगळं सांगितलं. ती दार ठोकायची थांबली. ऐकते आहे.

म्हणाली, बरं. नाही शिवत.

खिडकीशी आली. गजांतून तिचा चेहरा. घाम. रात्रभर जागी आहे ती. बघते आहे माझ्या हाताकडे. मी लपवला.

रडत नाही. ओरडत नाही. नुसता हात आत घातला आहे, तळवा वर करून. म्हणते, ‘येऊ नको जवळ. तिथूनच नुसतं बोट लाव. एकडाव.’

नाही.

मी उठणार नाही. भिंत माझ्या पाठीला आहे. लिहिते आहे म्हणजे बसलेली आहे. उद्या सकाळपर्यंत. एवढंच. आई, हात काढ. काढ ना गं—

हाताला तिच्या साबणाचा वास येतो आहे. तोच, घरचा. म्हणजे मी किती जवळ—